अजून न बनलेल्या यंत्राला घाबरलेला माणूस

मधुसूदन पेठकर आमच्या पतसंस्थेत संचालक म्हणून आले ते एका छपाईच्या चुकीमुळे. भोसरीच्या हॉलमध्ये वार्षिक सभा चालू होती. अहवाल सगळ्यांच्या हातात होता आणि बहुतेक सभासद त्याने वारा घेत होते. तेवढ्यात पेठकर उठले आणि म्हणाले, "पान नऊवरच्या तक्त्यातली रेघ उजवीकडे जाताना दीड मिलीमीटर खाली उतरली आहे. त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावापुढे वाचला जातो."

सभेत हशा पिकला. आमचे अध्यक्ष दादासाहेब मात्र हसले नाहीत. दादासाहेब निघोज्याचे, जुन्या घरातले. चाळीस वर्षं कंपनीत काढली तरी बोली गावचीच. ते म्हणाले, "येवढं बारीक बगनारा मानूस भाईर कशाला? घ्या त्याला आत." निवड बिनविरोध झाली, कारण त्या जागेसाठी दुसरं कुणी इच्छुकच नव्हतं.

मी ज्योतीराम, या पतसंस्थेचा व्यवस्थापक. गाव धाराशिवकडचं, पण वीस वर्षं इथेच. त्या दिवशी हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता, हे आधीच सांगून टाकतो.

पेठकरकाकांनी चौतीस वर्षं चिंचवडच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये काढली. ज्या साच्यांतून यंत्रांचे भाग निघतात ते साचे तिथे बनतात. केसाच्या जाडीचे पन्नास-साठ भाग केले तर त्यातल्या एका भागाला जी किंमत, ती तिथे चुकीला. त्याला मायक्रॉन म्हणतात, म्हणून कंपनीत त्यांना सगळे मायक्रॉनराव म्हणत. निवृत्तीनंतर ते दिघीला राहायचे आणि तिथेही मायक्रॉन सुटला नव्हता. त्यांच्या बायकोचं, चित्रावहिनींचं, लाटणं त्यांनी लेथच्या यंत्रावर लावून सरळ करून आणलं होतं. वहिनी सांगायच्या, "आता पोळी बिघडली तर दोष लाटण्याला देता येत नाही. तेवढी एक सोय होती, तीही गेली."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत चिंचवडला पतसंस्थांसाठी सायबर सुरक्षेवर एक दिवसाचं शिबिर होतं. दादासाहेबांकडे लग्न होतं, बाकीच्यांना काही ना काही काम निघालं. मग मी आणि काका गेलो. दुपारी शेवटच्या पंधरा मिनिटांत पुण्याच्या एका कॉलेजातल्या तरुण प्राध्यापिका क्वांटम कॉम्प्युटरवर बोलायला उभ्या राहिल्या. जेवणाचा वास हॉलमध्ये शिरला होता. मी सरळ रांगेत जाऊन उभा राहिलो. जिलेबी दोनदा घेतली, मठ्ठा तीनदा. परत आलो तर हॉल रिकामा, आणि पहिल्या रांगेत काका त्या मॅडमना प्रश्न विचारताहेत. मॅडमनी शेवटी हाताशी असलेल्या कागदी प्लेटवर पेनने काहीतरी लिहून दिलं. काकांनी ती प्लेट रुमालात गुंडाळली आणि जेवण न करताच माझ्यासोबत बसस्टॉपवर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर ती प्लेट ठेवली. त्यावर ८६३३ लिहिलं होतं.

"ज्योतीराम, ही संख्या दोन संख्यांच्या गुणाकारातून आली आहे. कोणत्या दोन?"

"कॅल्क्युलेटर चालेल का?"

"चालेल."

मी दोनने भागलं, तीनने भागलं, सातने भागलं. चहा आला, निवला. सभासद येऊन काउंटरवर ताटकळले. अर्ध्या तासाने मी हात टेकले.

"एकोणनव्वद गुणिले सत्त्याण्णव," काका म्हणाले. "आता हा गुणाकार कर."

तो दहा सेकंदात झाला.

"हेच. जाताना दहा सेकंद, उलटं येताना अर्धा तास. इंटरनेटवरून पैशाची माहिती जाते तिच्यावरचं एक मोठं कुलूप याच गोष्टीवर उभं आहे. फक्त तिथली संख्या सहाशेहून जास्त आकडी असते. आजचं कुठलंही यंत्र ती फोडायला बसलं तर आपल्या नातवंडांची नातवंडं म्हातारी होतील. पण क्वांटम कॉम्प्युटर वेगळ्या पद्धतीने हिशोब करतो. पुरेसा मोठा झाला तर तो काही तासांत फोडेल."

"मग झालाय का तेवढा मोठा?"

"नाही. कुणी दहा वर्षं म्हणतं, कुणी वीस."

"मग काका, चहा तरी घ्या."

त्या दिवसापासून मी त्यांना क्वांटमराव म्हणायला लागलो. आधी पाठीमागे, मग तोंडावर. त्यांना राग आला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "तुला त्यातलं किती समजलं?"

घरी तर वेगळीच गंमत. काकांनी घरातले सगळे पासवर्ड बदलले आणि एवढे लांब केले की गॅस बुक करायला बसलं की सिलिंडर संपेपर्यंत पासवर्ड संपायचा नाही. एकदा चित्रावहिनी स्वतः ऑफिसात आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी समजवा यांना. चोराला म्हणे वीस वर्षं लागतील उघडायला. आम्हाला आजच उघडत नाही."

मार्चच्या संचालक सभेत काकांनी विषय मांडायचं ठरवलं. विषयपत्रिकेत तो मीच टंकला: 'निघोजे शाखेतील पंखा दुरुस्ती', त्याखाली 'क्वांटम संगणकापासून सभासदांच्या माहितीचे संरक्षण', त्याखाली 'पिण्याच्या पाण्याची टाकी धुणे'.

पंखा दोन मिनिटांत झाला. मग दादासाहेबांनी चष्मा वर करून वाचलं. "ह्यो कुनाचा कंप्युटर हाय? चाकनला आलाय व्हय?"

"अजून बनायचा आहे," काका म्हणाले.

"मंग बनला की बगू. फुडचा इषय."

"दादासाहेब, एक मिनिट. यंत्र उद्या बनेल, पण चोरी आज होऊ शकते. काही लोक आत्ताच कुलूपबंद माहिती गोळा करून ठेवताहेत. उघडत नाही, तरी ठेवताहेत. यंत्र आलं की एका दमात उघडतील."

"आन आपल्या पतसंस्थेचं घिऊन करनार काय? हितं काय सोन्याच्या खानी हायत?"

पेठकरकाकांनी कर्जाचा एक कोरा अर्ज टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आपल्या कर्जाच्या अर्जात 'कर्जाचे कारण' असा रकाना आहे. त्यात लोक काय लिहितात?"

ते सगळ्यांना माहीत होतं. आमचे सभासद कामगार. बीडचे, साताऱ्याचे, कोकणातले. बँकेत जे सांगता येत नाही ते त्यांनी आमच्याकडे सांगितलं होतं. भावाचं दारूचं व्यसन सोडवण्यासाठी. मुलीच्या घटस्फोटासाठी. मूल होत नाही म्हणून उपचारांसाठी. कुणी मनाच्या आजारासाठी, तेही डॉक्टरांच्या नावासकट. ते सगळे अर्ज आम्ही स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये ठेवले होते.

"पैसे गेले तर भरून काढता येतात," काका म्हणाले. "पण हे वीस वर्षांनी जरी उघडं पडलं, तरी ज्याचं आहे त्याला ते आजच्याइतकंच लागेल. त्या लोकांच्या पोरांची तेव्हा लग्नं ठरत असतील."

दादासाहेबांनी उगाच घसा खाकरला. त्यांचाही एक जुना अर्ज आमच्याकडे होता. त्यात काय होतं ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

"पत्र लिवा, ज्योतीराम," ते शेवटी म्हणाले. "त्या सॉफ्टवेअरवाल्याला. पत्राला काय जातंय."

आमचं सॉफ्टवेअर सांगवीच्या अवधूतचं. हुशार, पस्तिशीचा, बारा-पंधरा पतसंस्था त्याच्याकडे. आमची सगळी माहिती रोज संध्याकाळी त्याच्या सर्व्हरवर जायची, म्हणजे ऑफिसात काही बरंवाईट झालं तरी एक प्रत शिल्लक राहावी. काकांनी पत्रात तीन प्रश्न घातले. माहिती वाटेत कोणत्या कुलपात जाते? पोचल्यावर कोणत्या कुलपात राहते? किल्ली कुणाकडे असते?

अवधूतचं उत्तर आलं: आमची सिस्टीम बँक दर्जाची आहे.

काकांनी दुसरं पत्र धाडलं: दर्जा कळला, माप कळवा.

तिसऱ्या पत्राला त्याने एक रंगीत माहितीपत्रक पाठवलं. त्यावर ढालीचं चित्र होतं. काकांनी ढालीची रुंदी मोजली नाही एवढंच. चौथ्या पत्रानंतर अवधूत त्यांचे फोन घेईनासा झाला आणि मला फोन करून म्हणाला, "ज्योतीरामभाऊ, आवरा राव तुमच्या काकांना. जो कॉम्प्युटर पृथ्वीवर नाही त्याच्यावरून माझं डोकं खाताहेत." आम्ही दोघेही पोट धरून हसलो.

मग एका सोमवारी काका डबा घेऊन, दोन बस बदलून सांगवीला गेले आणि अवधूतच्या ऑफिसात बसले. काही मागितलं नाही, आवाज चढवला नाही. नुसते बसले. दुपारी डबा खाल्ला, तिथे काम करणाऱ्या एका मुलीला त्यातलं लोणचं दिलं, तिच्या डगमगत्या टेबलाखाली घडी घातलेला कागद सरकवून टेबल सरळ केलं, आणि संध्याकाळी परत आले. मंगळवारी पुन्हा. मंगळवारी दरवाजाची कडी नीट केली. बुधवारी अवधूतचा धीर सुटला.

"या काका, बसा. काय बघायचंय ते बघा एकदाचं." त्याने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. "हे बघा, ही माहिती तुमच्या ऑफिसातून इकडे येते, वाटेत पूर्ण कुलूपबंद. आज जगात जे चालतं तेच कुलूप. नवीन प्रकारची कुलपं निघाली आहेत, तुमच्या त्या क्वांटमलाही न जुमानणारी. ती आली की आपणही बसवू. आणि ही तुमची कालची फाइल."

"उघडून दाखव."

अवधूतने दोनदा क्लिक केलं. फाइल उघडली. पहिल्याच पानावर निघोजे शाखेतल्या कुणाचा तरी अर्ज, फोटोसकट.

"किल्ली कधी मागितली त्याने?" काकांनी विचारलं.

अवधूतने फाइल बंद केली, पुन्हा उघडली. पुन्हा किल्ली न मागताच उघडली. मग त्याने काहीतरी तपासलं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. वाटेत कुलूप होतं. पोचल्यावर नव्हतं. सगळ्या फाइली उघड्याच पडल्या होत्या, आणि ते फोल्डर ज्याच्या हाती त्याची लिंक लागेल त्याला कुठूनही बघता आलं असतं. सहा वर्षं.

मला काकांचा फोन आला. मी नेहमीच्या सुरात म्हणालो, "बोला क्वांटमराव, आलं का यंत्र?"

"ज्योतीराम," ते म्हणाले, "यंत्राची गरजच नाही रे."

मग त्यांनी उघड्या फाइलींचं सगळं सांगितलं. पण खरं पुढेच होतं. काका संध्याकाळी भोसरीला उतरले आणि मला ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. खिशातून अवधूतच्या दप्तरातल्या एका कागदाची झेरॉक्स काढली. सहा वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर बसवलं तेव्हाचा फॉर्म. 'साठवलेल्या प्रतीला पासवर्ड हवा का?' या प्रश्नापुढे 'नको' या शब्दाभोवती गोल, आणि खाली सही. माझी.

मला तो दिवस आठवला. अवधूतने विचारलं होतं आणि मीच म्हणालो होतो, पासवर्ड कोण लक्षात ठेवणार, राहू दे उघडं. त्या फोल्डरची दारं उघडी राहिली त्यात अवधूतची चूक होतीच, पण पहिली कडी मी काढून ठेवली होती.

"शुक्रवारी सभा आहे," काका म्हणाले. "मी हे मांडणार. पण तू आधी सांगितलंस तर बरं."

"काका, नोकरी जाईल माझी."

"जाऊ शकते." त्यांनी चहा संपवला. "आमच्या टूलरूममध्ये एकदा माझ्या हातून एक साचा चुकला होता. वीस मायक्रॉन. मी दोन दिवस बोललो नाही. तोवर चार हजार भाग निघून गेले. ते दोन दिवस मला अजून झोपेत दिसतात, साचा दिसत नाही."

एवढं बोलून ते बस पकडायला गेले. शुक्रवारपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मला विचारू नका. बायकोलाही सांगितलं नाही.

शुक्रवारी सभा सुरू झाली आणि मी उभा राहून सगळं सांगितलं. फॉर्म टेबलावर ठेवला. आवाज इतका बारीक निघाला की दादासाहेबांनी दोनदा "जरा मोट्यानं" म्हटलं, आणि चुकीची कबुली मोठ्याने द्यायला लागणं ही काय शिक्षा असते ते मला कळलं.

दादासाहेबांनी फॉर्म उचलून सही आणि तारीख वाचली. मग म्हणाले, "त्या सालचा ठराव काडा. त्याच्यावर माजीबी सही आसंल. वाचल्याबिगर केलेली." आणि खरंच होती. माझी नोकरी राहिली. पगारवाढ मात्र त्या वर्षी राहिली नाही, आणि ते मला रास्तच वाटलं.

कुलूप तर बुधवारीच लागलं होतं, लिंकही तेव्हाच बंद झाली होती. अवधूतने दोन दिवस जागच्या जागी बसून सगळं तपासलं आणि कुणी आत येऊन गेल्याची खूण सापडली नाही, असं लिहून दिलं. पण नोंदी फक्त मागच्या वर्षभराच्याच होत्या. त्याआधीचं कुणालाच सांगता येत नव्हतं. नियमाप्रमाणे वर कळवायचं होतं तेही कळवलं. उरला प्रश्न सभासदांना सांगायचं का, याचा.

"लोकं घाबरत्याल," दादासाहेब म्हणाले. "रांगा लागत्याल दारात."

"लागू देत," काका म्हणाले. "रांगेपुढे मी बसतो."

आणि बसले. सगळ्या सभासदांना पत्र गेलं, काय झालं ते सरळ शब्दांत. निघोजे शाखेच्या दारात काकांनी टेबल टाकलं. सोबत पाण्याची बाटली आणि ती कागदी प्लेट. शिफ्ट सुटली की कामगार यायचे. कुणी ओरडायचं, कुणी शिव्या द्यायचं, कुणी नुसतंच विचारायचं, "मंजे नेमकं काय झालं भाऊ?" काका प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे. घाईत असलेल्यालाही सोडायचे नाहीत. एक जण तावातावाने खातं बंद करायला आला आणि ८६३३ फोडत तासभर बाकावर बसून राहिला. त्याने खातं बंद केलंच, पण उत्तर काढूनच गेला.

तिसऱ्या दिवशी भाग्यश्री आली. एका कंपनीत सीट शिवायच्या लाईनवर कामाला, वय तिशीच्या आत. टेबलासमोर उभी राहून हळूच म्हणाली, "काका, माझा अर्जपण होता का त्यात?"

काकांनी यादी बघितली. "होता."

"कुणी वाचला असेल?"

मी शेजारीच होतो. मी पटकन म्हणणार होतो की नाही ताई, काळजी करू नका. काकांनी मला हाताने थांबवलं. "मला माहीत नाही, बेटा. वाचला नाही असं मी म्हणू शकत नाही."

तिचे डोळे भरून आले आणि तिने ते ओढणीने पुसले. मग म्हणाली, "कर्ज तर मी केव्हाच फेडलं. मग तो कागद अजून ठेवलाय कशाला तुम्ही?"

पेठकरकाका माझ्याकडे वळले. "ज्योतीराम, खरंच, कशाला ठेवलाय?"

"काका, असू द्यावं म्हणून."

"म्हणजे मी सहा महिने कुलपाच्या मागे धावतोय, आणि आत काय ठेवलंय ते एकदाही विचारलं नाही." ते स्वतःशीच बोलावं तसं बोलले. "जे ठेवलंच नाही ते कुठलं यंत्र उघडणार?"

पुढच्या सभेत ठराव झाला. कायद्याने जेवढं आणि जेवढी वर्षं ठेवायचं तेवढंच ठेवायचं. फिटलेल्या कर्जांच्या अर्जातलं कारण स्कॅनवर झाकायचं, मुदत संपलेले कागद समितीसमोर नष्ट करायचे, आणि नव्या अर्जात कारणाचा रकाना मोघम करायचा: वैद्यकीय, शिक्षण, घरगुती. बास. कुणाच्या डॉक्टरचं नाव नको की भावाची सवय नको.

ते काम मी आणि काकांनी मिळून केलं. चार महिने, रोज दुपारी. अर्ज समोर आला की काका वाचायचेच नाहीत. वरून पट्टी ठेवायचे आणि रकाना काळा करायचे. पट्टी जरा तिरकी झाली की मला पुन्हा करायला लावायचे. मी म्हणायचो, "काका, काळंच करायचंय, तिरकं काय नि सरळ काय?" ते म्हणायचे, "तिरक्या पट्टीतून एखादं अक्षर डोकावतं." आणि खरंच, एकदा डोकावलं. त्यानंतर मी वाद घालणं सोडलं.

भाग्यश्रीचा अर्ज आला त्या दिवशी काकांनी तिला फोन करून बोलावलं. तिने स्वतःच्या हाताने तो रकाना काळा केला, दोनदा फिरवून, आणि पेन टेबलावर ठेवून दुसऱ्या शिफ्टला निघून गेली.

अवधूतशी आता काकांची मैत्री झाली आहे. निदान अवधूत तरी असं म्हणतो. दर महिन्याच्या एक तारखेला त्याला फोन जातो: नवीन कुलपाचं कुठवर आलं? तोही खरं ते सांगतो, म्हणजे बहुधा "अजून नाही काका." या वर्षी वाटेतलं कुलूप नव्या प्रकारचं करायला त्याने सुरुवात केली. आमच्या पतसंस्थेपासून, कारण बाकीच्या कुणी मागितलंच नव्हतं.

यंदाच्या वार्षिक सभेत एका सभासदाने उभं राहून विचारलं, आता आमची माहिती सुरक्षित आहे का? दादासाहेबांनी मोठ्या अभिमानाने माइक पेठकरकाकांच्या हातात दिला.

काका माइकमध्ये म्हणाले, "सध्यापुरती." आणि खाली बसले.

"आरं, दोन सबूद तरी बरं बोल की लोकांना," दादासाहेब त्यांच्या कानाशी लागले. ते माइकवर सगळ्यांना ऐकू गेलं.

काका पुन्हा उठले. थोडा विचार केला. "सध्यापुरती, बऱ्यापैकी."

इतिवृत्तात मी तेवढंच लिहिलं आहे.